गावठी अंड्याचा देवदूत

बिंदोच्या पायाला भिंगरी आहे आणि ती बाप्तिस्म्याच्या दिवशीच बसवलेली आहे, असं त्याची बायको नूता म्हणायची. जेवताना त्याचा एक पाय बाकाखाली हलत असायचा, प्रवचन ऐकताना दोन्ही. वर पाद्रीबाबा स्वर्गाचं वर्णन करताहेत आणि खाली हा खांबाआडून बाहेर सटकतोय, हे आमच्या सिएना शहरात कुणालाच नवीन नव्हतं. "बिंदो कुठे भेटेल?" असं कुणी विचारलं, तर लोक सांगायचे, "आत्ता जिथे दिसला होता तिथे तर नक्की नाही."

असा माणूस चित्रकाराच्या हाताखाली तीस वर्षं कसा टिकला, याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. आम्हाला वाटत नसे, कारण बिंदो फक्त पंख रंगवायचा. मास्तर लांदोंच्या चित्रशाळेत कामं वाटलेली होती. सोन्याचा वर्ख लावणारा वेगळा, झगे आणि पडदे करणारा वेगळा, आणि चेहरे व हात मास्तरांचे. देवदूतांचे पंख बिंदोचे. पंख बसून शिकता येत नाहीत, त्यासाठी पक्ष्यांच्या मागे हिंडावं लागतं, आणि हिंडायला बिंदोला निमित्तच हवं असायचं. तो पारध्यांच्या पाट्यांपाशी तासन्‌तास उभा राही, मेलेल्या तितराचा पंख हाताने उघडमीट करून बघे. बिशपांच्या बागेतल्या मोरासाठी त्याने भिंतीवर चढून एकदा पायाला कुत्रा चावून घेतला होता. त्याचा अंगरखा धुवायला घेतला की खिशातून खंड्याची निळी पिसं, पारव्याची करडी पिसं, वेड्या राघूची हिरवी पिसं निघायची आणि धुण्याच्या पाण्यावर तरंगायची. "नवरा केलाय की मांजर पाळलंय!" नूता करवादायची.

पण पंख असे काढायचा की बघत राहावं. शहरातल्या बायका मेणबत्ती लावायला जायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसून दाखवायच्या, "ते बघ, या देवदूताला कवड्याचे पंख दिलेत बिंदोने." एकदा एका विद्वान संन्याशाने त्याला गाठून सुनावलं की देवदूताला मुळात शरीरच नसतं, मग पंख कुठून येणार? बिंदो एका पायावरून दुसऱ्या पायावर जात म्हणाला, "बरोबर आहे बाबा. बिनपंखाचा काढून बघा. लोक विचारतील, हा पायघोळ झगा घालून कोण पोरगा मरियेच्या घरात घुसलाय, आणि तिचा बाप कुठे गेलाय?"

एवढं असून चेहरा त्याने एकही काढला नव्हता. मास्तरांच्या प्रत्येक करारात एक कलम ठरलेलं असायचं: चेहरे मास्तरांनी स्वतःच्या हाताने काढावेत. खांद्यापाशी पंख फुटतो तिथपर्यंत बिंदोची हद्द, त्यापुढे मास्तरांची. "चेहऱ्यात काय मोठंसं? दोन डोळे, एक नाक. पंखात चारशे पिसं असतात," असं तो म्हणे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. मास्तर चेहरा रंगवत असले की बिंदो तीनदा पाणी प्यायला उठायचा आणि तिन्ही वेळा त्यांच्या पाठीमागून जायचा.

त्याला मुलगा एकच, लापो. लापोने बापाचे पाय घेतले, हात घेतले नाहीत. चित्रशाळेत रंग घोटायला बसवला, तर दगडावर रंग तसाच टाकून घोड्यांची शर्यत बघायला पळाला. उलट बोलण्यात मात्र पटाईत. आपण बोलत असतानाच त्याचं तोंड अर्धं उघडलेलं असायचं, खालचा ओठ जरासा आत ओढलेला, की यांचं संपलं रे संपलं की मी सुरू. एकोणीस वर्षांचा झाला तरी कशात लक्ष नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात बिंदोचं डोकं फिरलं. स्वतः आयुष्यात कधी एका जागी न बसलेला माणूस पोरावर ओरडला, "बूड टेकत नाही ना कुठे? मग जा मारेम्मात कापणीला! तिथे तुला बस म्हणणारा कोणी भेटणार नाही!"

लापोचं तोंड सवयीप्रमाणे अर्धं उघडलं. पण त्या दिवशी त्यातून काही बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन तो टोळीबरोबर निघून गेला.

मारेम्मात गहू चांगला आणि हवा वाईट. समुद्राकाठची ती सखल जमीन दरवर्षी कापणीला शंभर माणसं बोलावते आणि नव्वद परत पाठवते, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. बिंदोला ते माहीत नव्हतं असं नाही. रागाच्या भरात माणूस जे बोलतो ते त्याला माहीत असतंच, म्हणून तर बोलतो. ऑगस्टमध्ये टोळी परतली ती लापोची गवताची टोपी घेऊन. टोळीचा म्होरक्या दारात उभा राहून खाली बघत म्हणाला, "ताप चढला. तीन दिवस सावलीत न्या, सावलीत न्या म्हणत होता, नूताबाई. पण तिथे सावली कुठली? कोसभर एक झाड नाही."

नूताने टोपी घेतली आणि खुंटीला लावली. त्या दिवसापासून तिने चर्चची पायरी चढली नाही. पाद्रीबाबा समजवायला आले तेव्हा म्हणाली, "ज्याला माझ्या पोराला एक झाड देता आलं नाही, त्याला मी मेणबत्ती कशाला देऊ?" नवऱ्याला मात्र ती काहीच म्हणाली नाही. 'तू धाडलंस' असं एकदा जरी म्हणाली असती, तरी बिंदोला बरं वाटलं असतं. ती फक्त बोलायची थांबली. वाढते, झाकते, कोंबड्यांना दाणे टाकते, आणि गप्प. फोंतेब्रांदाच्या वेशीबाहेर त्यांचं घर होतं, तिथून बिंदो पहाटेच बाहेर पडायचा आणि आता तर पक्षी बघायलाही थांबत नसे, नुसता चालायचा. आमच्यातल्या एकाने त्याला एकाच दिवसात तीन वेशींवर पाहिलं होतं.

अशात ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास लागले. पाव भाजणाऱ्या भटाऱ्यांच्या मंडळाने आपल्या छोट्या चर्चसाठी मास्तरांकडे मोठं चित्र सांगितलं होतं: देवदूत गाब्रिएल कुमारी मरियेला, तुला देवाचं बाळ होणार, असा निरोप सांगतोय, वर दोन कोपऱ्यांत दोन म्हातारे संदेष्टे. पंचवीस मार्चला, निरोपाच्या सणाला, ते वेदीवर चढवायचं होतं. आमचं नवं वर्षही त्याच दिवशी सुरू होतं, त्यामुळे तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. पंख झाले होते, सोनं झालं होतं, मरिया झाली होती, संदेष्टेही झाले होते. गाब्रिएलच्या मानेवर मात्र नुसता पांढरा गोल होता. सणाला आठवडा उरला तेव्हा मास्तरांनी बिंदोला आत बोलावलं आणि दार लावलं.

"हे काय आहे?" म्हणत त्यांनी उजवा हात पुढे धरला. हात वाऱ्यातल्या पानासारखा लटलटत होता.

"कधीपासून, मास्तर?"

"नाताळपासून. मरियेच्या वेळी कोपर काठीला बांधून काम भागवलं. आता काठीही हलते." मास्तर म्हातारे आणि तिखट; दया दाखवलेली त्यांना खपत नसे. "असा बैलासारखा बघू नकोस. गाब्रिएलचा चेहरा तू करायचास."

बिंदोचा पाय थबकला आणि मग दुप्पट हलू लागला. "करारात लिहिलंय..."

"करार भटाऱ्यांच्या मुखियाला वाचता येतो का? पाद्री वाचून दाखवतो तेव्हा तो पेंगतो. खिडक्या अर्ध्या लावून घे, कोणाला आत सोडू नकोस. आणि नमुन्याच्या कागदाप्रमाणे काढ. स्वतःचं डोकं चालवू नकोस, त्याची सवय नाहीये तुला."

आता इथे अंड्यांचं सांगायला हवं. रंग कालवायचा तो अंड्याच्या बलकात, आणि बलक काही सगळे सारखे नसतात. शहरातली कोंबडी अंगणात कोंडा खाते, तिचा बलक फिका. शेताच्या कडेला किडे-गवत खाऊन माजलेल्या गावठी कोंबडीचा बलक लालसर. तेव्हा कुमारिका, बाळं आणि देवदूत यांच्या चेहऱ्याला शहरी अंडं, आणि म्हातारे, संन्यासी, उन्हातान्हातली माणसं यांना गावठी. मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी असंच शिकवलं होतं. उपासात अंडी खायची नसतात. कोंबड्यांना उपास कळत नाही, त्या घालतच राहतात. त्यामुळे त्या दिवसांत चित्रशाळेत अंड्यांचा सुकाळ असे. खिडकीपाशी शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीने आणलेली शहरी अंड्यांची टोपली, दाराशी गावठी अंड्यांची. ही दुसरी टोपली नूताच्या कोंबड्यांची, बिंदो स्वतःच सकाळी घरून आणायचा. तीस वर्षं त्याने दारातून आत येताना वाकून याच टोपलीतलं अंडं उचललं होतं. पंखाला कुठलंही चालतं.

तीन दिवस तो आत एकटा होता. आधी चेहऱ्यावर हिरव्या मातीचा थर, मग गालावर तांबूस छटा, आणि मग बारीक कुंचल्याने, केसाएवढ्या रेघांनी, कातडीचा रंग. दर थोड्या वेळाने दाराशी जायचं, अंडं फोडायचं, बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर घोळवून कोरडा करायचा, टोचून रंगात सोडायचा, परत बसायचं. पाय हलत होते, हात हलला नाही. नमुना त्याने इमानाने गिरवला. एकच गोष्ट केली. नमुन्यातल्या गाब्रिएलचे ओठ मिटलेले होते. निरोप्या तोंड मिटून निरोप कसा देईल, असं म्हणून त्याने ओठ जरासे उघडे ठेवले. बोलायच्या बेतात असलेला माणूस जसा खालचा ओठ किंचित आत घेतो, तसा तोही घेतला. बाहेर ढग होते, खिडक्या अर्ध्या लावलेल्या होत्या, आणि त्याला वाटत होतं की आठ महिन्यांत पहिल्यांदाच आपल्याला कुठे जावंसं वाटत नाहीये.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मास्तरांनी आत येऊन खिडक्या सताड उघडल्या आणि ते चित्राकडे वळले.

"अंडी कुठली घेतलीस?"

"टोपलीतली."

"कुठल्या टोपलीतली, गाढवा?"

"दाराशी..." म्हणता म्हणता बिंदोने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"तीस वर्षं! तीस वर्षं दोन टोपल्या डोळ्यांसमोर आहेत! आंधळ्याला कळलं असतं!" मास्तर धपकन स्टुलावर बसले. मग ते पुढे वाकले, पुन्हा बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बिंदो, हा तर आपला लापो आहे रे."

तेव्हा बिंदोने पाहिलं. सोन्याच्या वलयात, खंड्याच्या निळ्या पंखांच्या मध्ये, उन्हाने रापलेला चेहरा होता. गाल तांबूस करपलेले, कपाळ टोपीच्या रेषेखाली गडद, तोंड अर्धं उघडं. आता म्हणेल, पण बाबा... असा. बिंदो बाहेर पडला आणि चालत सुटला. वेशीबाहेर विहिरीपाशी तो ओकला, असं गुराख्यांनी नंतर सांगितलं.

नवा चेहरा करायला वेळ उरला नव्हता. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी भटाऱ्यांचं मंडळ चित्र बघायला आलं. मुखिया आन्सानो पुढे, गोल पोट, भुवयांत कायमचं पीठ. त्याने मरिया पाहिली, मान डोलावली. सोनं पाहिलं, खूश झाला. मग गाब्रिएलपाशी आला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "मास्तर, हा जरा जास्त भाजलाय."

मागचे भटारी खिंकाळले.

"हसू नका रे. धंद्यातली नजर आहे माझी. हा पाव मी गिऱ्हाइकाला दिला असता तर तोंडावर फेकला असता." तो आणखी जवळ गेला. "देवदूत स्वर्गातून आलाय की शेत कापून? मरियेला निरोप देतोय की पाणी मागतोय?"

मास्तर ताठ उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. "गाब्रिएल लांबून आला होता. ऊन लागणारच."

"आमच्या वेदीवर नको लागायला." आन्सानो वाईट माणूस नव्हता, पण चार लोकांसमोर बोललेलं मागे घेणं त्याला जमत नसे. "उद्या सण आहे, काय करणार, चढवा. पण ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणाच्या आदल्या सोमवारी हा चेहरा आमच्यासमोर खरवडायचा आणि चांगला गोरा करून द्यायचा. आणि करारात आहे तसं, मास्तर, तुमच्या हाताने."

लोक गेल्यावर बिंदो मास्तरांसमोर उभा राहिला. "मास्तर, खरं सांगून टाका. माझं काम आहे म्हणा. मला काढून टाका, पण तो राहू द्या."

"तुझं काम म्हटलं तर करार मोडला, चित्र परत, आणि खरवडायला ते फ्लोरेन्सहून कोणीतरी उपरा आणतील. त्याला लापो कोण माहीत?" मास्तरांनी हात पुढे घेतले आणि एकमेकांत अडकवून गप्प बसवायचा प्रयत्न केला. "खरवडणार तर आहेतच. तुझ्या हाताने झालं तर निदान हळू होईल."

सणाच्या दिवशी चर्च फुलून गेलं. चित्र वेदीवर, दक्षिणेच्या मोठ्या खिडकीसमोर, ऊन थेट गाब्रिएलच्या तोंडावर. लोक कुजबुजत होते, "बाई गं, देवदूत म्हणायचा की गुराखी!" ही कुजबूज पावाबरोबर गावभर झाली आणि वेशीबाहेरही गेली. दुपारी बिंदो खांबाआडून सटकायच्या बेतात होता, तर दारात नूता. कामाच्याच कपड्यांत, डोक्याला फडकं. ती सरळ पुढे गेली, वेदीसमोर उभी राहिली आणि वर बघत राहिली. आता किंचाळते की काय, असं त्याला वाटलं. ती खाली बसली. गुडघ्यांवर नव्हे, दळायला बसतात तशी, पाय पसरून. संध्याकाळपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच. कोंबड्यांना दाणे टाकून निघायची, तासभर बसायची, यायची. आणि एक दिवस जेवण वाढताना, आठ महिन्यांनी, तिचं तोंड उघडलं.

"त्याचा उजवा कान तू जास्त मोठा केलायस."

बिंदोचा घास हातातच राहिला. "तेवढाच होता."

"तेवढा नव्हता. टोपीने वाकायचा म्हणून वाटायचा." आणि ती त्याच्याकडे बघून बोलत होती.

मग ती रोज काहीतरी सांगू लागली. आज एक म्हातारी त्याच्यापुढे नवस बोलत होती. आज एका बाळाने त्याला बघून हात पसरले. ईस्टरला तिने गोड पाव केला, वर अंडं लावून, आणि बिंदोला म्हणाली, "खा की, कितीदा सांगू." घरात आवाज परत आला आणि बिंदोच्या जिवाची घालमेल दुप्पट झाली, कारण सोमवारचं त्याने तिला सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? एकदा त्याने पोराला घालवलं होतं. आता हातात सुरी घेऊन दुसऱ्यांदा घालवायचं होतं, आणि त्याबरोबर परत आलेली बायकोही जाणार होती. सणानंतर तो त्या चर्चमध्ये फिरकला नाही. जे खरवडायचं ते बघायला जायची त्याची छाती नव्हती. तो वेशीवेशीने फिरत राहिला. एप्रिल गेला, मे लागला, कापणीच्या टोळ्या विळे खांद्यावर टाकून मारेम्माच्या वाटेला लागल्या. त्या दिसल्या की तो रस्ता सोडून झाडीत शिरायचा.

शेवटचा रविवार आला तेव्हा त्याला राहवेना. नूता अंगणात शेंगा सोलत होती. तो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "नूता, उद्या तो चेहरा खरवडायचा आहे. मीच खरवडणार आहे."

"माहीत आहे." तिने शेंग सोलणं थांबवलं नाही. "आन्सानो पावाबरोबर गावभर तेच वाटत असतो. ईस्टरच्या आधीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते." तिने वर पाहिलं. "तू त्याला शेवटचा कधी बघितलास?"

"सणाला."

"आठ आठवडे झाले. पोराला बघायला बाप आठ आठवड्यांत एकदा गेला नाही. उद्या नीट बघ आधी, मग सुरी लाव." आणि ती शेंगा घेऊन आत गेली.

सोमवारी सकाळी चर्चमध्ये मंडळाची सात-आठ माणसं जमली. मास्तर एका बाजूला, हात पाठीमागे. ठरलं असं होतं की खरवडण्याचं हलकं काम बिंदो करेल आणि चेहरा मास्तर नंतर, दार लावून करतील. म्हणजे कोण करेल ते दोघांनाच माहीत. बिंदोने शिडी लावली. मान खाली घालून एकेक पायरी चढला. सुरी घामाने हातातून निसटत होती. वर पोचल्यावर त्याने डोळे मिटले, मग नूताचे शब्द आठवले आणि उघडले.

चेहरा फिका झाला होता. करपलेले गाल गुलाबी, कपाळ स्वच्छ, टोपीची रेघ कुठे दिसेना. लालसर बलकाची सगळी झाक उडून गेली होती. दोन महिने खिडकीतल्या उजेडाने रोज थोडी थोडी नेली असणार. अशी गोष्ट मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी कधी सांगितली नव्हती, कारण ताजा चेहरा गिऱ्हाइकाच्या हवाली केल्यावर पुढे त्याचं काय होतं, हे बघायला कुठला चित्रकार रोज चर्चमध्ये जाऊन बसतो?

"अरेच्चा!" खालून आन्सानोचा आवाज आला. "मास्तर, गुपचूप करून पण टाकलंत? आम्हाला कळूही दिलं नाही!" तो दोन पावलं पुढे, दोन मागे झाला, डोळे बारीक केले, आणि मंडळाकडे वळून म्हणाला, "आता कसा नीट भाजलाय. सांगितलं नव्हतं मी? याला म्हणतात मास्तरांचा हात."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खोटं ते नव्हतं, पण सगळ्यात स्वस्तातलं होतं. भटारी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, भट्ट्या थंड होतील म्हणत निघून गेले.

बिंदो शिडीवरच होता. चेहरा वाचला होता. पण ज्या रंगाने तो लापो झाला होता तोच उडाला होता, आणि सुरी न लावताही पोरगा हातातून निसटून गेला, असं त्याला वाटलं. तो खाली उतरला तेव्हा रडत होता, मास्तरांसमोर, लाज न बाळगता. नूता मागे बसली होती, रोजच्या जागी. तो तिच्यापाशी गेला, तिथून दारापाशी गेला, परत आला.

"गेला गं नूता. रंग उडाला. आपला राहिला नाही तो."

"कुठे गेला? तोंड तेच आहे. अजून उलट बोलायच्या बेतात आहे."

"पण तो असा नव्हता. असा गोरा..."

"होता. लहानपणी हिवाळ्यात घरात असायचा तेव्हा असाच असायचा. तू असतास घरी तर दिसला असता." तिने फडक्याने नाही, उघड्या तळव्याने त्याचं तोंड पुसलं. "मी रोज बघत होते, बिंदो. रोज थोडा उजळत होता. उन्हातून आलेलं पोरगं सावलीत बसलं की उजळतंच."

बिंदोने वर बघितलं.

"सावली मागत होता ना?" नूता म्हणाली. "मिळाली त्याला." मग ती सरकली आणि आपल्या बाजूची फरशी हाताने साफ केली. "बस आता."

बिंदो बसला. दुपारची घंटा झाली तरी बसलेला होता.